श्राव्यातीत तरंगांचे प्रकाशीय मापन
श्राव्यातीत तरंगांचे प्रकाशीय मापन : 20,000 हर्ट्‌झहून अधिक कंप्रतेच्या ध्वनितरंगांचे अस्तित्व, वेग व दाब प्रकाशाच्या साहाय्याने ठरविण्याची पद्धती. असा तरंग द्रवातून जात असता घनता व तिच्याबरोबर प्रणमनांक ठिकठिकाणी कमीअधिक होऊन द्रवच विवर्तन जालकाचे कार्य करतो, हे 1932 मध्ये डेबाय व सिअर्स यांनी, तसेच फ्रान्समध्ये ल्यूका व बिकार यांनी दाखविले. त्याची गणिती उपपत्ती चंद्रशेखर वेंकट रामन व नागेंद्र नाथ यांनी बंगलोर येथे 1935–36 मध्ये मांडली. पाण्यात 3 मेगाहर्ट्‌झच्या तरंगाची लांबी सुमारे अर्धा मिलिमीटर भरते. विवर्तित रेषांमधील अंतरावरून ती काढून कंप्रतेने गुणिली की वेग मिळतो. रुग्णालयांत श्राव्यातीत तरंग वापरून होणाऱ्या सोनोग्राफीची मदार मुख्यतः दाबविद्युत् स्फटिकांवर असते. प्रकाशतंतूच्या टोकावरील संवेदक मात्र विद्युत्‌चुंबकीय व्यत्ययापासून अलिप्त राहत असल्याने ध्वनिदाबाच्या सूक्ष्म मापनास विशेष उपयुक्त ठरतात.