बाबासाहेबांचे सरकारी खंड : चर्नी रोड ते मोबाइल

१/६
१९३६. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाचे अधिवेशन रद्द झाले. डॉ. आंबेडकरांनी न झालेले भाषण स्वखर्चाने छापले. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'च्या त्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या.

२/६
दादरला 'राजगृह' बांधताना ग्रंथसंग्रहाचा विचार आधी करणाऱ्या या लेखकाचे पुष्कळ लेखन मात्र १९५६ मध्ये, त्यांच्या निधनसमयी, अप्रकाशितच होते.

३/६
१९७६ मध्ये महाराष्ट्र शासनाने चरित्र साधने प्रकाशन समिती नेमली. वसंत मून यांनी संपादिलेला पहिला इंग्रजी खंड १४ एप्रिल १९७९ रोजी प्रसिद्ध झाला. प्रकाशक शासन असल्याने किंमत सामान्य वाचकाच्या आवाक्यात राहिली.

४/६
परंतु स्वस्त ग्रंथ मिळेनासा झाला, तर त्या स्वस्ताईला अर्थ उरत नाही. चर्नी रोडच्या शासकीय ग्रंथागारातून वाचक रिकाम्या हाताने परतू लागले. नऊ लाख प्रतींची योजना असता चार वर्षांत केवळ ३३ हजार छापल्या गेल्याचे वृत्त २०२१ मध्ये 'लोकसत्ता'ने दिले. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली.

५/६
याच काळात दुसरी वाट खुली होती. इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध झाले. परळच्या चाळीतला विद्यार्थी ते मोबाइलवर उतरवून घेऊ शकतो.

६/६
तथापि संकेतस्थळ बदलले की दुवे तुटतात, आणि ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर येणारा वाचक आजही छापील पुस्तकच शोधतो. जनतेच्या पैशाने निघालेला ग्रंथ दोन्ही रूपांत टिकवणे, हे प्रकाशक म्हणून शासनाचे कर्तव्यच ठरते.