बंदिवान जेम्स रूस आणि त्याची ३० एकर भूमी

हद्दपारीची शिक्षा राजसत्तांना दुहेरी लाभाची असे. नकोसा मनुष्य दृष्टीआड होई आणि दूरच्या मुलखास फुकटचा मजूर मिळे. पोर्तुगीजांनी ही रीत ‘देग्रेदो’ या नावाने चालविली. गोमंतकातील बंडखोरांनाही तिच्यापायी तिमोर-मोझांबिकची वाट धरावी लागली. इंग्रजांनी अशाच बंदिवानांकरवी ऑस्ट्रेलियात वसाहत उभारली. जेम्स रूस हा त्यांतीलच एक होय.

कॉर्नवॉल परगण्यात जन्मलेल्या या शेतमजुरास १७८२ साली घरफोडीबद्दल देहदंड फर्माविण्यात आला. पुढे तो सात वर्षांच्या हद्दपारीवर आला. जानेवारी १७८८ मध्ये अकरा जहाजांच्या ताफ्यातून तो सिडनीस पोहोचला. १७८९ साली आपली मुदत भरल्याचे सांगून त्याने जमीन मागितली. परंतु शिक्षेचे कागद इंग्लंडातच राहिलेले! वसाहत तर अन्नावाचून हवालदिल झालेली. तेव्हा गव्हर्नर आर्थर फिलिप यांनी कागदाचा आग्रह न धरता पॅरामॅटा येथे त्यास जमीन कसावयास दिली. आधी पिकवून दाखवावे, मग मालकी, अशी अट होती.

आपल्याकडील कुमेरी शेतीप्रमाणे रूसने झाडे जाळून राख मातीत मिसळली, कुदळीने जमीन खोल खणली, गवत व पेंढा कुजवून खत केले. १७९० मध्ये त्याने एलिझाबेथ पेरी या बंदिवान स्त्रीशी विवाह केला. फेब्रुवारी १७९१ मध्ये, आपणांस सरकारी शिध्याची गरज उरली नाही, असे त्याने कळविले. त्याच वर्षी ३० एकर भूमी त्याच्या नावे झाली. वसाहतीतील ती पहिली देणगी होय.

तथापि १७९३ साली त्याने ती ४० पौंडांस विकली. पुढे हॉक्सबरी नदीकाठी पूर व कर्ज यांनी तो गांजला आणि उतारवयात त्यास दुसऱ्याच्या शेतावर मुकादमी करावी लागली. १८३७ साली तो निवर्तला. वसाहतीत पहिले धान्य आपण पेरले, हा अभिमान त्याच्या थडग्याच्या दगडावर कोरलेला आहे.

उभे आयुष्य दप्तरात घालविलेल्या माझ्यासारख्यास या वृत्तांतातील कागद विसरता येत नाही. पॅरामॅटाच्या त्या भूमीवर बुरामट्टागल लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. त्यांना कोणी विचारले नाही. ज्याची सुटका कागदाअभावी अडली होती, त्याला मिळालेल्या कागदाने दुसऱ्यांना त्यांच्याच भूमीवर परके केले. रूसच्या कष्टांचे मोल करताना तेही ध्यानी ठेवणे न्यायाचे होईल.