विद्येचा पैसा आणि हिशेबाची वही : बुऱ्हाणपूरने पाहिलेल्या दोन राजवटी

आपल्या अभ्यासगटात बुऱ्हाणपूर म्हटलं की विषय ठरलेले असतात. शाही किल्ला, कुंडी भंडारा, जामा मशीद, राजघाट, फार तर असीरगडाचा वेढा. यावेळी जरा वेगळी वाट धरतो आहे. निमित्त वर्तमानपत्रातल्या बातमीचं. मार्च २०२४ मध्ये भोपाळच्या राजीव गांधी प्रौद्योगिकी विश्वविद्यालयाच्या खात्यांतून १९ कोटी ४८ लाख रुपये खासगी खात्यांत वळवल्याचा गुन्हा नोंदला गेला. दोष कोणाचा, ते न्यायालय ठरवेल. पण राज्यभरातली अभियांत्रिकी महाविद्यालयं ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, तिथे विद्यार्थ्यांच्या फीचा पैसा असा हलू शकतो, हे वाचून चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पूर्वी असं नव्हतं हो!"

पूर्वी खरंच नव्हतं का? बुऱ्हाणपूरने विद्येवर पैसा खर्च करणाऱ्या दोन मोठ्या राजवटी पाहिल्या, मोगल आणि मराठे. दोघांची दप्तरं आणि बखरकार याबद्दल बरंच बोलतात.

सदराचा दरवाजा

मोगल राज्यात विद्वान, फकीर, निराधार आणि खानदानी पण उत्पन्न नसलेली माणसं यांना सरकार सारामाफ जमीन देई. तिला 'मदद-ए-मआश' म्हणत. आपल्याकडे इनाम म्हणतो, तसलाच प्रकार. हे खातं सांभाळणारा अधिकारी म्हणजे सदर-उस-सुदूर. आजच्या भाषेत सांगायचं तर शिष्यवृत्ती, अनुदान आणि धर्मादाय, तिन्ही किल्ल्या एकाच माणसाच्या कमरेला.

अकबराच्या काळात या जागेवर शेख अब्दुन्नबी होता. सनदा पुन्हा तपासून घ्याव्यात, सदराची मान्यता नसेल तर वसुली अधिकाऱ्यांनी माफी धरू नये, असा हुकूम निघाला. हुकूम वाईट नव्हता. पण झालं काय, तर साम्राज्याच्या कानाकोपऱ्यातून मुल्ला आणि मदरशांचे शिक्षक सदराच्या दारी गोळा झाले. इतिहासकार बदायुनी लिहितो की ज्याला दरबारात वशिला होता त्याचं काम झालं. बाकीच्यांना सदराच्या वकिलापासून फर्राश, द्वारपाल, मोतद्दार आणि झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांचे हात ओले करावे लागले. उन्हात त्या गर्दीत काही जण मेलेसुद्धा. बदायुनी हा बाहेरून दगड मारणारा माणूस नव्हता. त्याला स्वतःला हजार बिघ्यांचं इनाम होतं, म्हणजे घरातलाच साक्षीदार.

पुढे अकबराची मर्जी फिरली आणि १५७९ मध्ये अब्दुन्नबीची रवानगी मक्केला झाली. परत आल्यावर त्याच्याकडे हिशेब मागितला गेला, तो मक्केत वाटण्यासाठी दिलेल्या सत्तर हजार रुपयांचा. तपास राजा तोडरमलकडे दिला. अब्दुन्नबी कैदेतच मेला, गळा दाबून मारला असं सांगतात. यात दरबारी वैर किती आणि हिशेब किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. तरी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. त्याला गाठण्यासाठी जे हत्यार वापरलं ते हिशेबाच्या वहीचं होतं. त्या काळातही हा पैसा 'कोणाचाच नाही' असं कोणी मानत नव्हतं.

अकबराने एका सदराच्या हातातली सत्ता कमी करून प्रांतवार सदर नेमले. पाचशे बिघ्यांच्या वर इनाम असलेल्यांनी आपली फर्मानं बादशहासमोर आणावीत असंही ठरलं. १६०१ च्या आरंभी असीरगड पडला आणि खानदेश मोगलांकडे गेला. बुऱ्हाणपुरात आलं ते हे असं पोळून निघालेलं खातं.

बुऱ्हाणपूरचा शेख आणि दोन लाखांचा ग्रंथ

याच शहराचं नाव लावणारा एक विद्वान, शेख निजाम बुऱ्हाणपुरी, औरंगजेबाच्या काळात मोठ्या कामावर नेमला गेला. हनफी कायद्याचा सर्वसमावेशक ग्रंथ तयार करण्यासाठी जी विद्वानांची मंडळी बसवली, तिचा तो प्रमुख. हाच 'फतावा-ए-आलमगिरी'. त्या कामावर सुमारे दोन लाख रुपये खर्च झाले, असं समकालीन फारसी लेखन सांगतं.

त्या ग्रंथातल्या मतांशी आज कोणी सहमत असो वा नसो. आपल्या विषयापुरता मुद्दा एवढाच की पैसा दिला, काम सांगितलं, माणसं नेमली आणि शेवटी ग्रंथ हातात आला. खर्चाच्या समोर काहीतरी मांडता येत होतं. याच औरंगजेबाने १६९० मध्ये मदद-ए-मआशच्या जमिनी वंशपरंपरागत केल्या. म्हणजे बाप विद्वान होता म्हणून मुलगा आणि नातूही खाणार. कोणी चोरी केली असं म्हणता येत नाही, कारण सगळं फर्मानाप्रमाणेच. पण पैशाचा विद्येशी असलेला धागा तिथे सैल झाला. तीच गोष्ट पुढे पुण्यात दिसते.

रमण्यातली दक्षिणा

उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये बुऱ्हाणपूर आणि असीरगड निजामाकडून पेशव्यांकडे आले. पुढे १७७८ च्या सुमारास शहर शिंद्यांकडे गेलं. पुणे दरबाराशी बुऱ्हाणपूरचा थेट संबंध आला तो या अठरा-वीस वर्षांत, आणि पुण्यात तेव्हा श्रावणातली दक्षिणा जोरात होती.

दक्षिणेची सुरुवात सेनापती खंडेराव दाभाड्यांनी तळेगावला केली. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडल्यावर ही प्रथा पहिल्या बाजीरावाने पुण्याला आणली. देशभरातून ब्राह्मण येत. उत्तरेतून दख्खनेत उतरणारी मोठी वाट बुऱ्हाणपुरावरून जाई, हे लक्षात घेतलं तर काशीकडच्या किती पडशा ताप्ती ओलांडून गेल्या असतील याची कल्पना येते. पर्वतीच्या पायथ्याशी रमणा नावाचं आवार होतं. सगळ्यांना आत घ्यायचं, दारं लावायची, आणि बाहेर पडताना एकेकाच्या हातावर पैसे ठेवायचे. एकाने दोनदा घेऊ नये म्हणून हा बंदोबस्त. गैरव्यवहाराची शंका होती म्हणूनच दारं लावली ना!

विद्वानांची परीक्षा शास्त्री घेत आणि त्याप्रमाणे रक्कम ठरे. इथली रामशास्त्री प्रभुण्यांची आख्यायिका प्रसिद्ध आहे. त्यांचे थोरले बंधू दक्षिणेला आले. नाना फडणीस म्हणाले, यांना वीस रुपये द्यावेत. रामशास्त्री म्हणाले, हे काही विशेष विद्वान नाहीत, इतरांना दोन तसे यांनाही दोन. भाऊ म्हणून जे द्यायचं ते मी माझ्या घरून देईन. गोष्ट अक्षरशः अशीच घडली असेल वा नसेल. लोकांनी ती जपून ठेवली, कारण दाराशी नेमकं कशाचं भय असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पण रामशास्त्र्यांनीही जो प्रश्न विचारला नाही तो असा: हा पैसा रयतेच्या साऱ्यातून येतो, कुणबी, माळी, महार, कोष्टी सगळ्यांच्या घामातून. मग तो एकाच जातीच्या पदरात का? हिशेब चोख ठेवूनही गैरवापर होऊ शकतो, तो असा.

एक अर्ज आणि दोनशे माणसं

१८१८ नंतर एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम बंद केली नाही. ब्राह्मण वर्ग बिथरू नये म्हणून ती कमी करून वर्षाला पन्नास हजारांवर आणली. त्यातल्याच पैशातून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे तिचं पूना कॉलेज झालं आणि १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज. म्हणजे आपल्याकडच्या एका जुन्या कॉलेजचा पाया रमण्यातल्या पैशावर आहे.

१८४९ मध्ये पुण्यातल्या काही तरुणांनी सरकारकडे अर्ज केला. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख त्यांतलेच. मागणी साधी होती: दक्षिणेचा काही पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्या. सनातनी मंडळी खवळली. आमच्या हक्काच्या पैशाला हात लावता? अर्ज देणाऱ्यांच्या अंगावर जमाव येईल अशी पाळी आली, तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांनी संरक्षणासाठी सुमारे दोनशे माणसं जमवली, असं चरित्रकार सांगतात. ज्यांना त्या पैशातला एक छदामही कधी मिळाला नव्हता, तीच माणसं तो पैसा योग्य जागी जावा म्हणून उभी राहिली. मला या सगळ्या कहाणीत हा प्रसंग सर्वांत मोठा वाटतो.

अर्जाला यश आलं. दक्षिणा प्राइज कमिटी झाली, मराठी पुस्तकांना बक्षिसं मिळू लागली. पुढे दक्षिणा फेलोशिप आल्या. न्यायमूर्ती रानडेही एके काळी दक्षिणा फेलो होते.

पण इथेच 'साठा उत्तराची कहाणी' संपत नाही. १८५५ मध्ये फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून याच कमिटीकडे पाठवलं. ते नाकारलं गेलं. कमिटीतल्या भट सभासदांमुळे ते घेतलं गेलं नाही, असं त्यांनी 'गुलामगिरी'त स्पष्ट लिहिलं आहे. ज्याने अर्जदारांना सांभाळलं, त्यालाच नव्या दारातून परत पाठवलं. नाटक छापून यायला १९७९ उजाडलं. खातं सुधारलं, नाव बदललं, तरी दारावर कोण बसलाय हे पाहावंच लागतं.

मग आज काय?

'पूर्वी असं नव्हतं' हे म्हणणं टिकत नाही. लाच होती, वशिला होता, आणि फर्मानाने पवित्र केलेला गैरवापरही होता. पण 'हे असंच चालायचं' हेही टिकत नाही. प्रत्येक वेळी कोणीतरी वही मागितली आहे. कधी बादशहाने, कधी शास्त्र्याने, कधी चार तरुणांनी कागदावर सह्या करून. बादशहाच्या मर्जीने मागितलेला हिशेब त्या मर्जीबरोबर गेला. अर्ज करून मागितलेला मात्र टिकला, कारण त्यातून पुस्तकं, फेलोशिप आणि कॉलेज उभं राहिलं.

जाता जाता एक विनंती. बुऱ्हाणपूर, शाहपूर, नेपानगर भागात कोणाच्या घरी इनामाची सनद, मदरशाचा किंवा पाठशाळेचा जुना कागद, शाळेची जमाखर्चाची वही असेल तर ती रद्दीत घालू नका. फारसी किंवा मोडी वाचता येत नसलं तरी फोटो काढून ठेवा. राजांचे पराक्रम बखरीत सापडतात. विद्येचा पैसा कुठे गेला हे मात्र अशाच वह्यांत सापडतं.