फुगा, गुब्बारा, बलून

इंदुरातल्या तुकोगंज या नावात तुकोजीराव होळकर आहेत आणि फारशी ‘गंज’ही आहे. इथल्या मराठी घरांची भाषाही अशीच मिसळीची. माझी नात फाटकातून ओरडत येते, “आजोबा, मेरा गुब्बारा फूट गया!” मी म्हणतो, “फुगा फुटला होय गं?” शाळेत तिच्या बाईंना बलून लागतो. वस्तू एकच, पण हे तीन शब्द तीन वाटांनी आले आहेत, आणि त्यांतल्या दोन वाटा तोफेजवळून जातात.

इटालियनमध्ये ‘पाल्ला’ म्हणजे चेंडू आणि ‘पाल्लोने’ म्हणजे मोठा चेंडू. तिथून आणि फ्रेंच ‘बालाँ’वरून हा शब्द सोळाव्या शतकात इंग्रजीत आला, तो हवा भरलेल्या कातडी चेंडूच्या खेळाचे नाव म्हणून. सतराव्या शतकात उखळी तोफेतून उडवायच्या शोभेच्या दारूच्या पुठ्ठ्याच्या गोळ्यालाही बलून म्हणू लागले. आभाळातला बलून १७८३ सालचा. त्या जूनमध्ये माँगोल्फिए बंधूंनी फ्रान्समध्ये गवत आणि लोकर जाळून कापडी फुगा चढवला. धुरामुळेच तो वर जातो, अशी त्यांची समजूत होती. नोव्हेंबरात पॅरिसमध्ये माणसे उडाली. त्या वेळी इकडे अहिल्याबाई महेश्वरातून होळकरांचे राज्य चालवत होत्या. रबराचा फुगा आला १८२४ साली. हायड्रोजनच्या प्रयोगांसाठी तो मायकेल फॅरडेने बनवला.

गुब्बाऱ्याचे नाते अरबी ‘गुबार’शी, म्हणजे धुळीशी, जोडतात. जुन्या हिंदी-उर्दूत त्याचा अर्थ तोफेचा गोळाही होता आणि कागदी फुगाही. इतक्या लांबच्या दोन भाषांनी दारूगोळ्याचा शब्द पुढे लेकरांच्या हाती दिला, याचे मला फार अप्रूप वाटते.

मराठी फुग्याला मात्र दारूचा वास नाही. तो ‘फुगणे’तून आला. कढईत पुरी फुगते, पावसात नदी फुगते, रुसलेले पोर गाल फुगवून बसते. रुसवेफुगवे तर घरोघरी असतात. फुगा म्हणताना ‘फु’ला ओठांतून वाराच निघतो. या शब्दाला कोशाची गरज नाही, तो मुलाला आपोआप कळतो.

इंदुरातल्या मराठी आईबापांना माझे एवढेच सांगणे आहे. गुब्बारा आपल्याच शहराचा शब्द आहे, मुले तो गल्लीत शिकतील. बलून शाळा शिकवेल. फुगा शिकवायला मात्र घराशिवाय दुसरे कुणी नाही, तेव्हा तो तुम्हीच शिकवा.