पालवणकर बाळूंचे १७९ बळी आणि 'गुणवत्ते'चा हिशेब

आंबेडकरी माणसाने क्रिकेटवर कशाला लिहायचे, असे आमचे काही मित्र विचारतात. शिष्यवृत्ती रखडलेली, गायरानाचे प्रश्न तसेच, अत्याचाराच्या बातम्या रोजच्या. अशात बॅट-बॉल काय घेऊन बसलात? तर कारण असे आहे. 'क्रिकेटमध्ये कुठे आरक्षण आहे? तिथे फक्त गुणवत्ता चालते' हे वाक्य नांदेड-लातूरच्या कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर आमच्या पोरांच्या तोंडावर फेकले जाते, आणि आमची पोरे गप्प बसतात. गप्प बसतात, कारण क्रिकेटचा आकडा पुढे आला की वाद संपला असे त्यांनाही वाटते. आकडा म्हणजे सत्य. धावा म्हणजे धावा, विकेट म्हणजे विकेट, त्यात कसली आली जात?

म्हणून आज आकड्यांचीच उलटतपासणी करू.

पालवणकर बाळू हे नाव किती जणांनी ऐकले आहे? घराण्याचे मूळ गाव रत्नागिरीकडचे पालवण, जात चांभार, वडील लष्करात नोकरीला. डावखुरे फिरकी गोलंदाज. प्रथम श्रेणी क्रिकेटच्या नोंदवहीत त्यांच्या नावावर ३३ सामने आणि १७९ बळी आहेत, सरासरी १५.२१. म्हणजे दर बळीमागे साधारण १५ धावा दिल्या. त्यांना 'हिंदुस्थानचा ऱ्होड्स' म्हणत. इंग्लंडचा विल्फ्रेड ऱ्होड्स हा जगात सर्वाधिक प्रथम श्रेणी बळी घेणारा गोलंदाज: १११० सामने, ४२०४ बळी, सरासरी १६.७२. सरासरीत बाळू पुढे दिसतात, पण इथे हुरळून जाऊ नका. खेळपट्ट्या वेगळ्या, प्रतिस्पर्धी वेगळे, सामने फारच कमी. अशा तुलनेने बाळू मोठे ठरत नाहीत आणि त्यांना त्याची गरजही नाही. आम्हाला पाहायचे आहे ते १७९ या आकड्याच्या आतले.

या १७९ मधला प्रत्येक बळी बाळू वयाच्या तिशीच्या उंबरठ्यावर आल्यानंतरचा आहे. त्यांचा नोंदलेला पहिला प्रथम श्रेणी सामना १९०५-०६ च्या हंगामातला. गोलंदाजाची विशी, म्हणजे बोटात सर्वाधिक जोर असण्याचा काळ, नोंदवहीत नाहीच. त्या काळात बाळू काय करत होते? पुण्यात आधी पारशांच्या क्लबात महिना ३ रुपयांवर मैदान झाडत, रोलर फिरवत होते. १८९२ च्या सुमारास युरोपियनांच्या पूना क्लबात गेले, तिथे महिना ४ रुपये. नेट लावायची, खेळपट्टी तयार करायची, आणि साहेबांच्या सरावासाठी तासन् तास गोलंदाजी करायची. कॅप्टन ग्रेग नावाचा त्या काळचा नामवंत फलंदाज त्यांच्याच गोलंदाजीवर सराव करत असे. बाद केले की ग्रेग त्यांना आठ आणे द्यायचा, अशी दंतकथा आहे. हजारो चेंडू टाकले असतील. त्यातला एकही कोणत्या स्कोअरबुकात नाही.

आता दुसरा आकडा घ्या. फलंदाज म्हणून बाळूंच्या ७५३ धावा आहेत, सरासरी १३.६९. एखादा निवड समितीवाला म्हणेल, फलंदाजीत माणूस सामान्यच होता. पण पूना क्लबाच्या नेटमध्ये या माणसाच्या हातात बॅट कधी दिलीच गेली नव्हती. फलंदाजी साहेबांची, गोलंदाजी नोकराची, अशी श्रमविभागणीच होती. आणि बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले आहे की जात ही केवळ श्रमाची विभागणी नसते, ती श्रमिकांची विभागणी असते. १३.६९ हा आकडा बाळूंच्या नजरेचा आणि मनगटाचा नाही, त्या नेटचा आहे. हे पटत नसेल तर त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांच्याकडे पाहा. रक्त तेच, जात तीच. धाकट्यांच्या वाट्याला शाळा आली, शाळेचे मैदान आले. विठ्ठल झाले त्या काळातले हिंदूंचे अव्वल फलंदाज.

हिंदूंच्या संघाने बाळूंना घेतले ते काही जात सोडली म्हणून नव्हे. युरोपियनांना हरवायचे होते आणि हरवणारा हात या एकाच माणसाकडे होता. पुण्यात त्यांना मैदानावर चेंडू हाताळू देत, मात्र चहाच्या वेळी पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. जेवणाचे पानही वेगळे. चेंडू विटाळत नव्हता, कप विटाळत होता! पुढे मुंबईच्या हिंदू जिमखान्यात यातले काही नियम सैल झाले, आणि १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या संघात बाळूंबरोबर भाऊ शिवरामही होते.

१९११ मध्ये पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय अवघे १९, आणि दौऱ्यात खेळले ते मोजकेच. २३ सामन्यांपैकी संघ १५ हरला. त्या पडझडीत पस्तिशीतल्या बाळूंनी सगळ्या सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. शिवराम यांनी सॉमरसेटविरुद्ध नाबाद ११३ धावा काढल्या आणि तो सामना एका गड्याने जिंकला. म्हणजे महाराजांच्या संघाची अब्रू दोन चांभार भावांनी राखली. आम्ही हे मुद्दाम जातीचे नाव घेऊन लिहितो, कारण कर्णधारपद देताना जात पाहिली गेली आणि इतिहास सांगताना मात्र ती गाळली जाते.

कर्णधारपदाचे काय झाले? १९१० पासून दरवर्षी बाळूंच्या नावाची मागणी होत राहिली आणि दरवर्षी ती डावलली गेली. कर्णधार झाले एम. डी. पै. खुद्द पै यांनी एका सत्काराच्या कार्यक्रमात मान बाळूंचा होता असे जाहीर सांगितले, तरी निवड समिती हलली नाही. १९२० मध्ये पै उपलब्ध नव्हते तेव्हा कर्णधारपद प्रा. दि. ब. देवधरांना दिले आणि बाळूंना संघातूनच वगळले. यावर विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि जाहीर निवेदन काढले. महाड आणि काळाराम मंदिराच्या आधी, एका क्रीडांगणावर दोन अस्पृश्य भावांनी केलेला हा बहिष्कार आपल्या चळवळीच्या इतिहासात का येत नाही, हे आम्हाला कळत नाही. परिणाम झाला. बाळू उपकर्णधार म्हणून परतले, आणि अंतिम सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले तेवढा वेळ त्यांनी संघ चालवला. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. विठ्ठल यांनी पुढे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. ते मिळवून वाचा.

इथे कोणीतरी उठून म्हणणारच: पण बाळू तर बाबासाहेबांच्या विरोधात होते. होते. ते लपवायचे कारण नाही. १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर ते गांधींच्या बाजूने होते, पुणे करारावर त्यांची सही आहे. धर्मांतराच्या घोषणेलाही त्यांनी विरोध केला. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. आमच्या मते ही राजकीय भूमिका चुकीचीच होती. ज्या समाजाने कप वेगळा ठेवला त्याच समाजाच्या हृदयपरिवर्तनावर त्यांनी भरवसा ठेवला, आणि त्यांच्या यशाचा वापर 'बघा, अस्पृश्यता संपत आली' हे सांगायला होत राहिला. पण म्हणून १७९ बळी काँग्रेसचे होत नाहीत. आणि आमच्यातल्या काहींना बाळू नकोसे वाटतात त्यामागे १९३७ आहे की 'ते आपल्यातले नव्हते' ही पोटजातीची भावना आहे, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

अमेरिकेत हाच हिशेब वेगळ्या पद्धतीने मांडला गेला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कमध्ये शिकत होते, तेव्हा तिथल्या मोठ्या बेसबॉल संघांना काळे खेळाडू चालत नव्हते. काळ्यांनी १९२० पासून स्वतःच्या लीग चालवल्या. त्यातला जॉश गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये ३५ व्या वर्षी वारला. तीनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, जॅकी रॉबिन्सनसाठी दार उघडले. मे २०२४ मध्ये त्या काळ्या लीगचे २३०० हून अधिक खेळाडूंचे आकडे अधिकृत नोंदीत सामील झाले. एका झटक्यात टाय कॉब या गोऱ्या खेळाडूचा ०.३६७ हा सर्वोच्च सरासरीचा विक्रम मागे पडला आणि ०.३७२ वाला गिब्सन वर आला. हे शक्य झाले कारण काळ्या वर्तमानपत्रांनी त्या सामन्यांचे धावफलक छापून ठेवले होते. गिब्सन मरून ७७ वर्षे झाली होती, पण कागद शिल्लक होता.

आपल्याकडे कागदाची स्थिती काय आहे? २०१८ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'तल्या एका लेखाने दाखवले की भारताच्या २९० पुरुष कसोटीपटूंपैकी अनुसूचित जाती-जमातीचे फक्त चार. चर्चा झाली, पण अशा मोजणीची अडचण मराठवाड्यातल्या माणसाला लगेच कळते. गायकवाड, जाधव, शिंदे ही आडनावे इकडे बौद्धांतही आहेत आणि मराठ्यांतही. आडनावावरून जात कशी काढणार? मंडळाने स्वतः मोजावे, ही मागणी आपणच करायला हवी.

आणि गुणवत्ता म्हणजे काय हे लातूरकरांना तरी कोणी शिकवू नये. 'लातूर पॅटर्न' उभाच राहिला तो गुण घडवता येतात या विश्वासावर: जादा तास, सराव परीक्षा, पुन्हा पुन्हा उजळणी. तिथे कोणी म्हणत नाही की गुण उपजत असतात. तोच लातूरकर क्रिकेट पाहायला बसला की 'टॅलेंट असेल तर पुढे येतोच' म्हणतो. कसा येतो? नांदेडच्या पोराला पुण्यात चाचणी द्यायची तर पनवेल एक्स्प्रेसने रात्रभराचा प्रवास, सकाळी उतरून तसेच मैदानावर, आणि नेटमध्ये वाट्याला येणार मोजके चेंडू. शेजारी उभा असतो तो अकादमीत वर्षे घालवलेला, स्वतःचे किट असलेला मुलगा. जालन्याचा विजय झोल १९ वर्षांखालील भारतीय संघाचा कर्णधार झाला, बीडचा सचिन धस २०२४ चा युवा विश्वचषक खेळला. मराठवाड्यात खेळ नाही असे म्हणायची सोय नाही. दक्षिण आफ्रिकेत मखाया एन्टिनी हा गुरे राखणारा पोरगा क्रिकेट मंडळाच्या विकास कार्यक्रमातून गावात सापडला आणि त्याने १०१ कसोटींत ३९० बळी घेतले. तिथे मंडळाचा माणूस गावात गेला होता. आमच्या वस्त्यांत कोण येतो?

आमच्या दोन्ही जिल्ह्यांत भीमजयंतीच्या निमित्ताने टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात. बक्षीस, चषक, डीजे, पाहुण्यांचे सत्कार सगळे नेटके असते. स्कोअर मात्र शंभर पानी वहीच्या मागच्या बाजूला लिहितात, त्यातही गोलंदाजाचे नाव बहुधा 'बंटी' किंवा 'छोटा', आणि फायनल संपली की वही रद्दीत. आता 'क्रिकहीरोज'सारख्या ॲपवर मोबाईलवरून चेंडू-चेंडूची नोंद करता येते. येत्या एप्रिलमध्ये प्रत्येक मंडळाने दोन पोरांना स्कोअररचे काम द्यावे, खेळाडूचे पूर्ण नाव आणि गाव लिहावे, आणि जुन्या वह्या कोणाच्या घरी असतील तर त्या आमच्याकडे आणून द्याव्यात. आम्ही त्या जपून ठेवतो आहोत.