सीमा कंदाला, माव्याला नाही

केळीवरच्या मोझॅक रोगामुळे १९६१ साली महाराष्ट्र आणि गुजरातमधून केळीचे कंद, रोपे बाहेरच्या राज्यांत नेण्यावर बंदी आली. त्यासाठी आधार घेतला होता १९१४ च्या कीड-कायद्याचा. बऱ्हाणपूर तेव्हा पूर्व निमाड जिल्ह्यात, मध्य प्रदेशात; शेजारचं रावेर महाराष्ट्रात. तापी दोन्हीकडे तीच, माती तीच, तरी कंदाला सीमा लागली. कंद अडेल, रोग पसरवणारा मावा कसा अडेल, हा आक्षेप सहज सुचतो. तरीही माझ्या मते त्या बंदीमागचा विचार पुढच्या कित्येक फवारण्यांपेक्षा शहाणा होता.

खानदेशात ज्याला हरण्या म्हणतात, तो रोग काकडीवर १९१६ साली अमेरिकेत ओळखल्या गेलेल्या कुकुंबर मोझॅक विषाणूचा. पानावर पिवळसर पट्टे पडतात, पोंगा सडतो, घड धड येत नाही. मावा तो पसरवतो, पण पोटात साठवून नव्हे. रोगट पानात सोंड खुपसली की मिनिटाच्या आत विषाणू सोंडेला चिकटतो आणि पुढच्या दोन-चार झाडांवर टोचता टोचता संपूनही जातो. म्हणून असा मावा लांबवर रोग नेत नाही. लांबवर नेतो तो रोगट कंद. बंदीने नेमका तोच धरला. याउलट फवाऱ्याने मावा मरेपर्यंत त्याचं टोचून झालेलं असतं. शिवाय हा कापूस, काकडी, मिरचीवरचा मावा केळीवर संसार थाटत नाही, नुसता चाखून पुढे जातो. मग फवारणी व्यर्थच का? तसं नाही. कपाशीवर, बांधावरच्या केना या तणावर तो वाढतो, तिथे त्याची संख्या रोखण्याला अर्थ आहे. केळीच्या पानावर ओतलेलं औषध मात्र बहुतांशी मनाचं समाधान.

टिशू कल्चरच्या ग्रँड नैन रोपांनी कंदाचा प्रश्न मिटवला, असंही म्हटलं जातं. अर्धं खरं आहे. मातृवृक्ष तपासलेला असेल आणि हरितगृहाची बारीक जाळी शाबूत असेल, तर रोप निरोगी निघतं. २००६ पासून केंद्राची प्रमाणीकरण व्यवस्थाही आहे. पण हेच कोवळं रोप शेतात गेल्यावर कंदाच्या रोपापेक्षा हरण्याला लवकर बळी पडतं. २०२० च्या पावसाळ्यात जळगाव आणि बऱ्हाणपूर, दोन्हीकडे शेतकऱ्यांनी लावलेली रोपं उपटून टाकली. पैसे मोजून आणलेलं रोप उपटायला हात धजत नाही, हे मान्य. पण ते ठेवलं तर शेजारच्या रोपाला धोका पहिल्या दिवसापासून. आणि मृगबाग लावायची वेळ नेमकी ढगाळ, दमट हवेची, जेव्हा बांधावर केनाही उगवलेला असतो.