बेवारस वाहने (वाकोला, मुंबई)

रस्त्यावर किंवा पदपथावर सोडून दिलेली, बहुधा बंद पडलेली वाहने. ‘बेवारस’ हा शब्द कागदोपत्री रूढ असला तरी फसवा आहे. नंबरप्लेट किंवा चासी क्रमांकावरून परिवहन कार्यालयात मालकाचे नाव बहुधा सापडते. खरी अडचण जुन्या नोंदींची असते. गाडी विकली गेली, पण हस्तांतर नोंदवलेच नाही, तर नोटीस ज्याच्या नावे निघते त्याने ती गाडी कित्येक वर्षांत पाहिलेलीही नसते.

सांताक्रूझ पूर्वेकडील वाकोला मुंबई महानगरपालिकेच्या एच पूर्व विभागात येतो. रस्त्यात बेकायदा ठेवलेली वस्तू पूर्वसूचनेशिवाय हटवण्याचा अधिकार आयुक्तांना 1888 च्या महानगरपालिका अधिनियमातील कलम 314 ने दिला आहे. वाहनाच्या बाबतीत मात्र पालिका आधी त्याच्यावर नोटीस डकवते आणि साधारण 48 ते 72 तासांची मुदत देते. हे योग्यच आहे, कारण मालक आजारी किंवा गावी गेलेला असू शकतो. त्यानंतर गाडी टो करून यार्डात नेतात. दंड आणि उचलण्याचा खर्च भरून 30 दिवसांत ती सोडवली नाही, तर लिलावात भंगार म्हणून निघते.

पोलिसांचा अधिकार वेगळा आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 127 नुसार सार्वजनिक जागी 10 तास किंवा अधिक काळ सोडून दिलेले वाहन हलवण्याचे आदेश गणवेशातील पोलीस अधिकारी देऊ शकतो. गाडी चोरीची किंवा गुन्ह्यातली नाही ना, याची खातरजमाही पोलिसांकडूनच होते.

पोलीस ठाण्यांबाहेर गंजणाऱ्या गाड्या मात्र बेवारस नव्हेत. तो खटल्यांतला मुद्देमाल. न्यायालयाच्या आदेशाविना पालिका त्यांना हात लावू शकत नाही. अशी वाहने ठाण्यात फार काळ ठेवू नयेत, छायाचित्रे व पंचनामा करून, हमी घेऊन ती सोडावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात 2002 मध्येच सांगितले आहे. तरीही ठाण्यांबाहेरच्या रांगा हटत नाहीत, हे खेदजनक आहे.

रस्त्यावर सोडून दिलेल्या गाडीखाली झाडू पोहोचत नाही, गटाराच्या जाळीवरचा गाळ निघत नाही, टायरमध्ये साचलेल्या पाण्यात डास होतात. पदपथ अडला की शाळकरी मुले आणि म्हातारी माणसे वाहत्या रस्त्यावर उतरतात. मिठी नदीला मिळणारा नाला वाकोल्यातूनच जातो, आणि 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. अशा वस्तीत तुंबलेली एक जाळीही महागात पडते.

गाडी कायमची निकामी झाली की 14 दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवणे मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 55 नुसार मालकाचे कर्तव्य आहे. वाहने भंगारात काढण्याच्या 2021 च्या नियमांनुसार नोंदणीकृत भंगार केंद्रात गाडी जमा केल्यास प्रमाणपत्र मिळते. तक्रारीसाठी पालिकेचा क्रमांक 1916 आहे. तक्रार करताना गाडीचा क्रमांक आणि जवळची ठळक खूण सांगावी.